वादळी पावसाची पूर्वतयारी आणि शैक्षणिक संकुलातील देखभाल कर्मचारी : हडपसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

थंड हवामानाच्या देशांत शैक्षणिक संकुलांच्या देखभालीचे वर्ष हिमवादळाभोवती फिरते. कडाका सुरू होण्यापूर्वी पाण्याच्या नळांना थंडीपासून वाचविणारे वेष्टन चढविले जाते, रस्त्यांवर टाकावयाच्या मिठाचा साठा केला जातो आणि कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या वेळी कोणत्या वाटेवरचे बर्फ हटवावयाचे याचे तक्ते भिंतीवर लागतात. पुण्यात बर्फ पडत नाही. त्यामुळे हिवाळी वादळांच्या पूर्वतयारीविषयी तेथे झालेले लेखन येथे उपयोगाचे नाही, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या लेखनाचा गाभा बर्फ हा नसून, संकट येण्यापूर्वी कोणी काय करावयाचे हे ठरविणे हा आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये तेथे कडाक्याच्या थंडीने वीजनिर्मिती केंद्रे बंद पडली. त्यानंतर केंद्रीय पातळीवरील नियामक संस्थांनी अहवाल सिद्ध करून यंत्रसामग्री थंडीसाठी सज्ज करण्याच्या शिफारशी केल्या. या शिफारशी बंधनकारक नव्हत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तसेच, किंबहुना अधिक भीषण वादळ आले. लाखो घरे अंधारात गेली, गोठलेले नळ फुटले आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या गणनेनुसार २४६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील काही मृत्यू बंद जागेत जनरेटर वा कोळशाची शेगडी चालविल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने झाले. काय करावे याची माहिती दहा वर्षे कागदावर उपलब्ध होती. ती अमलात आणण्याची सक्ती मात्र नव्हती.

पुणे शहराच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर वसलेल्या हडपसर परिसरात हिमवादळाची जागा वळवाचा आणि परतीचा पाऊस घेतो. प्रस्तुत लेखात या वादळी पावसाचा इमारत, आधारभिंत, छप्पर, झाडे आणि वीजयंत्रणा यांवर कसा परिणाम होतो याचे विवेचन केले असून, त्याच्याशी प्रत्यक्ष सामना करणाऱ्या शिपाई, पहारेकरी, तारतंत्री, नळकारागीर, माळी आणि सफाई कामगार या वर्गाच्या सज्जतेचा विचार केला आहे. पूर्वतयारीचा अडसर बहुतांश ठिकाणी पैशाचा नसून अधिकाराचा आणि अलिखित ज्ञानाचा आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

हडपसरची जमीन आणि पावसाची रीत :

हडपसरच्या उत्तरेस मुळा-मुठा नदी आहे आणि दक्षिणेस व नैर्ऋत्येस रामटेकडी, महंमदवाडी, उंड्री या बाजूचा उंचवटा आहे. साहजिकच पावसाचे पाणी स्थूलमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. याउलट सोलापूर रस्ता, पुणे-दौंड लोहमार्ग आणि खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा हे तिन्ही साधारणतः पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. म्हणजे पाण्याची नैसर्गिक वाट ते आडवी छेदतात. त्यामुळे या तिहींच्या खालून जाणाऱ्या मोऱ्या मोकळ्या आहेत की तुंबलेल्या, यावर वरच्या अंगाच्या संकुलांचे भवितव्य अवलंबून राहते. हडपसर हे पूर्वी ऊस आणि भाजीपाल्याचे गाव होते. शेतीच्या काळातील ओढे, चाऱ्या आणि पाट यांतील अनेक आता रस्त्याखाली, वाहनतळाखाली किंवा एखाद्या इमारतीच्या आवारात गडप झाले आहेत. वाट बुजली तरी उतार कायम राहतो आणि मोठ्या पावसात पाणी जुनी वाट शोधीत येते. कोणत्या जागी पूर्वी ओढा होता हे नकाशापेक्षा गावातील वृद्ध शेतकरी आणि संकुलातील जुना माळी अधिक अचूक सांगू शकतात.

कालव्याबाबत एक बाब येथे नोंदविणे आवश्यक वाटते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच उजव्या कालव्याची भिंत पर्वतीच्या जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पूल परिसरातील वस्ती पाण्याखाली गेली. त्या दिवशी हे पाणी पावसाचे नव्हते. कालव्यालगतच्या संस्थांनी केवळ आभाळाकडे पाहून चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुण्यात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री शिवाजीनगर येथील नोंद शंभर मिलिमीटरच्या वर गेली. ८ जून २०२४ रोजीही तसेच घडले. म्हणजे वर्षाच्या पावसाचा सातवा हिस्सा काही तासांत कोसळला. भारतीय हवामानशास्त्र विभाग चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसास जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसास अति जोरदार असे संबोधतो. हे वर्गीकरण शेती आणि धरणे यांसाठी उपयुक्त असले तरी गटाराच्या दृष्टीने अपुरे आहे. सत्तर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिमत पडला तर कोणाच्याही लक्षात राहत नाही. तोच पाऊस तासाभरात पडला तर तळघर भरते. म्हणूनच देखभाल विभागाने चोवीस तासांच्या आकड्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या आकड्याकडे लक्ष देणे इष्ट ठरते. ज्या महाविद्यालयात भूगोल विभाग आहे तेथे पर्जन्यमापक बहुधा असतेच. ते वर्षातून एकदा प्रात्यक्षिकासाठी बाहेर न काढता एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मोकळ्या जागी कायम बसवावे. विभागाच्या वेधशाळेपासून संकुलाचे अंतर दहा किलोमीटर असेल तर वळवाच्या पावसात दोन्हीकडच्या नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

पाण्याचे वजन : गच्ची आणि भिंत

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे एक लिटर पाणी जमा होते. हजार चौरस मीटर गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर, अर्थात शंभर टन पाणी होय. हे पाणी वाहून गेले तर काहीच बिघडत नाही. परंतु गच्चीच्या कठड्यालगतच्या जाळीवर पिंपळाची पाने, कबुतरांची घरटी, प्लॅस्टिकची पिशवी किंवा उरलेल्या वाळूचा थर साचला असेल तर गच्चीचा हौद होतो. पंधरा सेंटिमीटर पाणी साचले तर दर चौरस मीटरवर दीडशे किलोग्रॅम भार येतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार गृहीत धरावयाचा चल भार साधारण एवढाच आहे. त्याच गच्चीवर जुनी बाके, तुटकी कपाटे, पाण्याच्या जादा टाक्या आणि निर्लेखनाच्या प्रतीक्षेतील जडसंग्रह ठेवलेला असेल, आणि तो पुष्कळ महाविद्यालयांत असतोच, तर हिशेब कोठे जातो हे सांगावयास नको.

यावरचा उपाय मे महिन्यात दोन कामगारांनी दोन दिवस गच्च्या झाडणे हा आहे. मात्र एकदा झाडून भागत नाही. वळवाच्या पहिल्या वाऱ्याने झाडांची पाने पुन्हा गच्चीवर येतात; म्हणून पहिल्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी जाळ्या पुन्हा पाहाव्या लागतात. कठड्याला जाळीच्या पातळीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर उंचीवर एक आरपार छिद्र ठेवले तर खालची जाळी तुंबली तरी पाणी बाहेर पडते. शिवाय त्या छिद्रातून पाण्याची धार दिसू लागली म्हणजे जाळी तुंबल्याची सूचना अंगणातील पहारेकऱ्यासही आपोआप मिळते.

गच्चीपेक्षा अधिक गंभीर प्रश्न भिंतींचा आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे, अद्याप रात्र असताना, हडपसरपासून जवळच असलेल्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची आवारभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगाव येथे अशाच दुर्घटनेत ६ मजुरांचा अंत झाला. ही भिंत एका शैक्षणिक संकुलाची होती. दोन्ही ठिकाणी मरण पावलेली माणसे भिंतीच्या पलीकडे राहत होती. आत शिकणाऱ्या वा शिकविणाऱ्या कोणासही त्यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भिंत अचानक कोसळते असे वृत्तपत्रांत छापून येते. वस्तुतः तिच्यावरील रेटा वाढत गेलेला असतो. एका बाजूस मातीचा भराव असलेली तीन मीटर उंचीची भिंत घेतली तर कोरड्या मातीचा रेटा दर मीटर लांबीस अंदाजे पावणेतीन टन असतो. भरावात पाणी शिरले आणि बाहेर पडण्यास वाट राहिली नाही, तर केवळ पाण्याचाच रेटा दर मीटरला सुमारे साडेचार टन होतो. भिजलेल्या मातीचा उरलेला रेटा त्यात मिळवावा लागतो. म्हणजे एका रात्रीत भार दुप्पट होतो. पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने भरावातील पाणी दीड मीटरवर रोखता आले तर तो साडेचार टनांवरून सव्वा टनाच्या आत येतो. भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेली निचऱ्याची छिद्रे नेमके हेच काम करतात. ती बुजणे म्हणजे भिंतीचे आयुष्य उधारीवर चालणे होय.

पुष्कळ ठिकाणी ही छिद्रे रंगकामाच्या वेळी गिलाव्याने बंद केली जातात, कारण त्यांतून ओघळलेल्या मातीने रंग खराब होतो. एखाद्या मूल्यमापन समितीची भेट तोंडावर असताना अशी डागडुजी विशेष उत्साहाने होते. देखभाल कर्मचाऱ्यास शिकवावयाचे ते एवढेच की, पावसात निचऱ्याच्या छिद्रातून पाणी येणे हे चांगले लक्षण आहे आणि मोठ्या पावसानंतरही छिद्र कोरडे राहणे हे वाईट. याशिवाय भिंतीचा ओळंबा सुटणे, आडवी भेग पडणे, पायथ्याची माती खचणे आणि पलीकडच्या बाजूस नव्याने खोदकाम सुरू होणे या चार गोष्टी दिसताच लेखी कळवावयाच्या असतात. भिंतीला टेकून कोणाची झोपडी, चहाची टपरी अथवा वाहनतळ आहे का, याची पाहणी आवाराबाहेर जाऊन करावी लागते. ती आतून दिसत नाही. आणि भिंतीविषयी शंका असेल तर अभियंता येईपर्यंत पलीकडच्या माणसांस त्या रात्रीपुरते वर्गखोलीत आणून झोपविणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वारा, पत्रे आणि झाडे :

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोग्रॅम असतो. पुण्यासाठी भारतीय मानकात दिलेला मूलभूत वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे आणि त्या वेगास हा दाब ९३ किलोग्रॅमवर जातो. छपराच्या लोखंडी पत्र्याचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला पाच किलोग्रॅमच्या आसपास असते. वाहनतळावरील उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि वरून शोषण करतो. तेव्हा पत्रा वजनाने जागेवर राहतो हा समज खोटा आहे. तो हुक आणि बोल्ट यांच्या बळावर राहतो. सर्वाधिक ओढ कडेला आणि कोपऱ्यांवर असल्याने तपासणीही तेथूनच सुरू करावी. गंजलेला हुक, फाटलेली रबरी चकती आणि बोल्टाभोवती मोठे झालेले छिद्र या खुणा शिडीवर चढणाऱ्या माणसास दिसतात, खुर्चीवरून दिसत नाहीत. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी शाळांची छपरे उडविली, आणि तेच वादळ पुढे सरकत आले तेव्हा पुण्यातही ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली.

झाडांच्या बाबतीत विलंबाचे कारण बहुधा कायद्याचे अज्ञान असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महानगरपालिका क्षेत्रात झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची अनुमती आवश्यक आहे आणि फांद्यांच्या छाटणीसाठीही महानगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज मे महिन्याच्या अखेरीस केला तर अनुमती हाती येईपर्यंत झाड पडलेले असते. तो फेब्रुवारीत करावा. गुलमोहर, पेल्टोफोरम, नीलगिरी ही संकुलांतून आवडीने लावलेली झाडे वाऱ्यास लवकर बळी पडतात. खोडाभोवती घट्ट बसविलेल्या फरशा, केबलच्या चरासाठी एका बाजूने तोडलेली मुळे आणि वीजतारांसाठी एकाच अंगाने केलेली छाटणी यांमुळे चांगले झाडही तोल गमावते. झाड धोक्याचे आहे हे माळी आधी ओळखतो. त्याला वृक्षगणनेच्या यादीची एक प्रत देऊन धोक्याच्या झाडांवर खूण करावयास सांगितले तर वनस्पतिशास्त्र विभागाचे अर्धे काम होते.

जाहिरात फलकांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे ५ आणि १३ मे २०२४ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे १७ जणांचा फलक कोसळून मृत्यू झाला. दोन्ही वेळा वळवाचे दिवस होते. महाविद्यालयांचे प्रवेशाचे फ्लेक्सही नेमके याच दिवसांत लागतात.

वीज :

वादळात विजेचा धोका दोन प्रकारे येतो, आकाशातून आणि पॅनेल रूममधून. आकाशातील विजेबाबत साधा नियम असा की, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस एक किलोमीटर. हे अंतर तीस सेकंदांच्या आत असेल तर मैदान, गच्ची आणि शिडी तत्काळ सोडावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा चढू नये. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन आसपास वीज पडण्याची पूर्वसूचना मराठीसह अनेक भाषांत देते. ते प्राचार्यांच्या दूरध्वनीइतकेच माळ्याच्याही दूरध्वनीत असावे. इमारतीवरील तडितरक्षकाची तांब्याची पट्टी जमिनीपर्यंत अखंड आहे का हे डोळ्यांनी पाहावे. मध्येच कोणी ती कापून नेली असेल तर वरचा दांडा असून नसल्यासारखा होतो. अर्थिंगचा रोध मे महिन्यात मोजावा, कारण जमीन कोरडी असताना तो सर्वाधिक असतो. पावसाळ्यात मोजलेला समाधानकारक आकडा फसवा असतो.

पॅनेल रूमचा धोका अधिक परिचित, तरीही अधिक दुर्लक्षित आहे. जागेच्या टंचाईमुळे ही खोली जिन्याखाली किंवा तळघरात काढली जाते, म्हणजे पाणी प्रथम जेथे येणार तेथेच. पाणी पॅनेलपर्यंत पोहोचण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु जेथे आपोआप सुरू होणारा जनरेटर बसविलेला आहे तेथे मेन स्विच बंद होताच, पुरवठा गेला असे समजून जनरेटर सुरू होतो आणि ओल्या पॅनेलमध्ये पुन्हा वीज सोडतो. म्हणून आधी जनरेटर स्वयंचलित स्थितीतून काढावयाचा आणि नंतर मेन स्विच बंद करावयाचा, हा क्रम उलटा होता कामा नये. संगणक प्रयोगशाळेतील यूपीएसच्या बॅटऱ्या मुख्य पुरवठा तोडल्यावरही जिवंत राहतात. गच्चीवरील सौर पॅनेलच्या तारा दिवसा जिवंतच असतात. पाणी पॅनेलला लागले असेल तर खोलीत पाऊलही न टाकता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून बाहेरूनच पुरवठा तोडवून घ्यावा. पाणी उपसण्याचा पंप याच पॅनेलवरून चालत असेल तर तो नेमका गरजेच्या वेळी बंद पडणार, हेही ओघानेच आले. डिझेलवर चालणारा एक लहान पंप भाड्याने तरी ठरवून ठेवावा लागतो.

रात्रीचा पहारेकरी :

वर उल्लेखिलेल्या घटनांच्या वेळा पाहिल्या तर एक समान धागा दिसतो. कोंढव्याची आणि आंबेगावची भिंत रात्री पडली. २५ सप्टेंबर २०१९ रोजी आंबिल ओढ्याला आलेला पूर रात्रीचा होता. ऑक्टोबर २०२२ चा पाऊस रात्री उशिरा कोसळला. वळवाचा पाऊस तर जमीन तापल्यावर दुपारनंतर वा सायंकाळी येतो. अर्थात प्राचार्य, कुलसचिव, अधीक्षक, तारतंत्री यांपैकी कोणीही आवारात नसताना वादळ येते. त्या वेळी हजर असतो तो पहारेकरी. संकुलातील सर्वांत कमी वेतनाचा, सर्वांत कमी अधिकाराचा आणि ठेकेदार बदलला की बदलणारा हा माणूस पहिला अर्धा तास एकट्याने काढतो. आणि नुकसान व्हावयाचे ते बहुधा त्याच अर्ध्या तासात होते.

समजा, रात्री पावणेदहा वाजता पाणी पॅनेल रूमच्या उंबऱ्याशी आले. पहारेकरी पर्यवेक्षकास दूरध्वनी करतो. तो अधीक्षकांस विचारतो. अधीक्षक प्राचार्यांस विचारतात, कारण मेन स्विच बंद केल्याने प्रयोगशाळेतील शीतकपाटातील नमुने खराब झाले तर जबाबदार कोण, हा प्रश्न उरतोच. अनुमती येते तेव्हा सव्वादहा वाजलेले असतात आणि खोलीची चावी कार्यालयातील कपाटात असते. या प्रसंगात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपापल्या अधिकाराच्या मर्यादेत काम केले आहे.

यावरील उपाय एका पानाचा कार्यालयीन आदेश हा आहे. पाणी अमुक खुणेपर्यंत आल्यास पहारेकऱ्याने कोणासही न विचारता जनरेटर स्वयंचलित स्थितीतून काढून मेन स्विच बंद करावा, आवारातील अमुक फाटक उघडावे, तळघर रिकामे करावे आणि मगच दूरध्वनी करावा. यामुळे होणाऱ्या कोणत्याही नुकसानीबद्दल त्याच्याकडून खुलासा मागितला जाणार नाही, असे त्यावर प्राचार्यांच्या स्वाक्षरीने लिहिलेले असावे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ते नसेल तर आदेश असूनही पहारेकरी दूरध्वनीच करील, आणि त्याच्या जागी दुसरा कोणीही तेच करील. पाण्याची खूण भिंतीवर लाल रंगाने आखलेली असावी. ज्यास मराठी वाचता येत नाही अशा पहारेकऱ्यांची संख्या आता मोठी आहे. त्यांच्यासाठी शब्दांपेक्षा आखलेली रेघ आणि रंगविलेला स्विच अधिक बोलतात. स्विच हाताळण्याचे प्रात्यक्षिक मात्र परवानाधारक तारतंत्र्याने कोरड्या दिवशी प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करवून घेतले पाहिजे.

दुसरा प्रश्न ज्ञानाच्या गळतीचा. पूर्वी महाविद्यालयात तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेला एखादा शिपाई असे. कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कोणत्या चेंबरचे झाकण कोठे गाडले गेले आहे, ग्रंथालयाच्या कोणत्या कोपऱ्यात प्रथम ओल येते, हे त्यालाच ठाऊक असे. सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो आणि ते सर्व ज्ञान त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. रिक्त पद भरले जात नाही. काम ठेक्याने दिले जाते. ठेका अकरा महिन्यांचा असतो आणि तो कित्येकदा ऐन पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. नव्या ठेकेदाराच्या माणसांस संकुलाची ओळख होईपर्यंत पावसाळा सरतो. ठेक्याचे वर्ष जानेवारीपासून सुरू करणे आणि जुन्या-नव्या माणसांचा आठ दिवसांचा एकत्र कार्यकाळ करारातच नमूद करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ मध्ये लागू केलेल्या आराखड्यातील ४.४.२ या निकषानुसार महाविद्यालये भौतिक सुविधांच्या देखभालीच्या कार्यपद्धतीचे दस्तऐवज सिद्ध करीत आली आहेत. त्यांतील किती दस्तऐवज कधी पॅनेल रूमच्या दारावर लागले, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल. सेवानिवृत्त होणाऱ्या शिपायाबरोबर संकुलभर फिरून त्याने दाखविलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हचे आणि चेंबरचे छायाचित्र घेणे व ते नकाशावर मांडणे, हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसाठी चांगला उपक्रम ठरेल.

परीक्षेचे दिवस आणि वादळानंतरचे काम :

विद्यापीठाच्या परीक्षांचे दोन हंगाम, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे वळवाच्या आणि परतीच्या पावसाशी जुळतात. उत्तरपत्रिकांची खोली तळमजल्यावर असेल तर गठ्ठे जमिनीवर न ठेवता किमान दोन फूट उंच फळ्यांवर ठेवावेत. परीक्षा विभागास हे सांगण्याचा अधिकार देखभाल विभागाला नसतो, तो महाविद्यालय विकास समितीने द्यावा. सायंकाळच्या सत्रात वादळ आल्यास विद्यार्थ्यांस वेळ संपताच बाहेर सोडण्याऐवजी पाऊस ओसरेपर्यंत वर्गात बसू द्यावे. झाडाखालचा वाहनतळ आणि पाण्याखाली गेलेला रस्ता यांपेक्षा वर्ग निश्चितच सुरक्षित असतो.

पाणी ओसरल्यावर वीज सुरू करण्याची घाई होते. दुसऱ्या दिवशीचा पेपर समोर असला तर विशेषच. पॅनेलमधील ओलावा कोरडा होऊन तारतंत्र्याने निरोधन तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये, आणि तो चालू करण्याचा अधिकार पहारेकऱ्यास मुळीच नसावा. बंद कोणीही करावे, चालू एकानेच करावे. जनरेटर बंद खोलीत वा जिन्याखाली चालवू नये; त्याचा धूर वर्गात शिरतो. तळघरातील पाणी उपसण्यापूर्वी तेथे एकट्याने उतरू नये.

त्यानंतर, भिंतीवरील ओल वाळण्यापूर्वी, पाणी कोठवर आले होते तेथे दिनांकासह रंगाने रेघ ओढावयाची असते. ही रेघ दोन-तीन दिवसांत दिसेनाशी होते आणि वर्षभरानंतर पाणी गुडघ्यापर्यंत आले होते की पोटरीपर्यंत, यावर बैठकीत मतभेद होतात. पॅनेल रूममध्ये रेघ पंचेचाळीस सेंटिमीटरवर असेल तर पॅनेलचा चौथरा निदान पाऊण मीटर उंचीचा मागावा, आणि अंदाजपत्रकाची मागणी दिवाळीपूर्वी कार्यालयात द्यावी.